उत्सर्जन इंधनाच्या नावावर मांडायचे की क्षेत्राच्या? तक्ता कसा करायचा आणि तो कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: अनेक देशांची वार्षिक आकडेवारी घेऊन कार्बन उत्सर्जनावर कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, अक्षय ऊर्जा यांचा आणि जीडीपीतील शेती, उद्योग, सेवा यांच्या वाट्याचा परिणाम रिग्रेशन (एका राशीवर इतर राशींचा किती परिणाम होतो ते काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) लावून तपासला. कोळशाचा सहगुणक (त्या परिणामाचा आकडा) भक्कम आला, अक्षय ऊर्जेचा परिणाम दिसेना, आणि सेवाक्षेत्राचा वाटा वाढला की उत्सर्जन वाढते असे निघाले. शिवाय जागतिक उत्सर्जनात उद्योगांचा वाटा एका आलेखात २४ टक्के आहे, दुसऱ्यात ३४. यातले खरे काय?

२४ आणि ३४ हे दोन्ही आकडे खरे आहेत. रिग्रेशनच्या तिन्ही उत्तरांचा अर्थ मात्र वाटतो तसा नाही. ऊर्जास्रोत आणि आर्थिक क्षेत्र ही उत्सर्जनाची दोन स्वतंत्र कारणे समजून एकाच समीकरणात शेजारी शेजारी बसवली, तिथेच गाडी रुळावरून उतरली. ती एकाच तक्त्याची दोन अंगे आहेत. उभ्या रकान्यांत इंधने, आडव्या ओळींत क्षेत्रे, आणि प्रत्येक चौकटीत ‘या क्षेत्राने हे इंधन इतके जाळले’ हा आकडा. रकान्यांच्या बेरजा घेतल्या की स्रोतनिहाय उत्सर्जन मिळते, ओळींच्या घेतल्या की क्षेत्रनिहाय. एकूण बेरीज तीच. त्यामुळे ‘कोळसा जबाबदार की उद्योग’ हा वाद घालण्यात अर्थ नाही. उद्योगाने जाळलेला कोळसा दोन्हीकडे असतो. आधी हा तक्ता नीट मांडायचा, मग विश्लेषणाकडे वळायचे.

चौकटीतला आकडा येतो कुठून

देशपातळीवरचे ऊर्जेचे उत्सर्जन धुराड्यावर उपकरण लावून मोजलेले नसते. काही मोठ्या संयंत्रांवर तशी उपकरणे असतात, पण राष्ट्रीय आकडा हिशेबाने काढलेला असतो: जळालेले इंधन (टन) × त्याचे उष्मांक मूल्य (टनामागे मिळणारी उष्णता) × उत्सर्जन गुणांक (तेवढ्या उष्णतेमागे सुटणारा कार्बन डायऑक्साइड). इंधनात जितका कार्बन तितकाच बाहेर पडणार. १२ किलो कार्बन जळून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ३.६७ पट.

आयपीसीसीच्या (हवामान बदलावरील आंतरशासकीय समिती) २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतले मूलभूत गुणांक, एक गिगाजूल उष्णतेमागे किलो कार्बन डायऑक्साइड या मापात, पाठ असलेले बरे: नैसर्गिक वायू ५६.१, एलपीजी ६३.१, पेट्रोल ६९.३, डिझेल ७४.१, फर्नेस ऑइल ७७.४, बिटुमिनस कोळसा ९४.६, पेट्रोलियम कोक ९७.५, लिग्नाइट (ओलसर, हलक्या प्रतीचा कोळसा) १०१, कोक (हवेविना तापवलेला कोळसा) १०७.

हा क्रम असाच का, ते रसायनातून कळते. शुद्ध कार्बन जाळला तर एक मेगाजूल उष्णतेमागे सुमारे ११२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. मिथेनच्या रेणूत एका कार्बनला चार हायड्रोजन असतात आणि बरीचशी उष्णता त्या हायड्रोजनचे पाणी होताना मिळते, म्हणून तिथे हाच आकडा ५५ वर येतो. बाकी सगळी जीवाश्म इंधने या दोन टोकांच्या मध्ये. वायू ‘स्वच्छ’ ठरतो तो हायड्रोजनमुळे, आणि तोही फक्त जळण्याच्या टप्प्यापुरता.

लिग्नाइटच्या बाबतीत बहुतेक नवखे लोक फसतात. लिग्नाइटचे मूलभूत उष्मांक मूल्य टनाला ११.९ गिगाजूल, बिटुमिनस कोळशाचे २५.८. गुणाकार केला तर एक टन लिग्नाइटमागे १.२० टन कार्बन डायऑक्साइड, एक टन बिटुमिनसमागे २.४४ टन. टनाच्या हिशेबाने लिग्नाइट निम्म्याने बरे दिसते. पण आपल्याला टन नको असतात, उष्णता हवी असते. तेवढीच उष्णता मिळवायला दुपटीहून जास्त लिग्नाइट जाळावे लागते, आणि त्यात भरलेले पाणी वाफ करण्यात उष्णता वाया जाते ती वेगळीच. म्हणून कोळशाचा आकडा टनात घेऊन थेट समीकरणात घालू नये. आधी गिगाजूलमध्ये आणावा, तोही त्या त्या प्रतीच्या उष्मांक मूल्याने. दोन देशांचा ‘दहा कोटी टन कोळसा’ एकसारखा नसतो. एकाच देशाचाही दर वर्षी तसाच राहत नाही.

दुसरा सापळा स्थूल आणि निव्वळ उष्मांक मूल्याचा. स्थूल मूल्यात जळताना तयार झालेल्या वाफेची उष्णता धरतात, निव्वळ मूल्यात धरत नाहीत. कोळसा आणि तेलात हा फरक सुमारे ५ टक्के, वायूत सुमारे १० टक्के. वरचे गुणांक निव्वळ मूल्यावर बसवलेले आहेत. वायूची बिले आणि कित्येक आकडेवाऱ्या स्थूल मूल्यावर असतात. त्या आकड्याला सरळ ५६.१ ने गुणले की उत्सर्जन दहा टक्के फुगते. आधी ०.९ ने गुणावे.

विजेचे एक युनिट

एका युनिटमध्ये ३.६ मेगाजूल ऊर्जा असते. कोळशाच्या संचाची कार्यक्षमता ३५ टक्के असेल तर एका युनिटसाठी १०.३ मेगाजूल उष्णता लागते. तिला ९४.६ ग्रॅमने गुणले की ९७३ ग्रॅम. ४२ टक्के कार्यक्षमतेच्या सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाची आणि तापमानाची वाफ वापरणाऱ्या) संचात हेच ८११ वर येते. वायूचे कम्बाइन्ड सायकल संयंत्र (टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवरही वीज करणारे) ५५ टक्क्यांनी चालले तर ३६७, पण वायूचेच साधे टर्बाइन ३५ टक्क्यांनी चालवले तर ५७७. म्हणजे ‘वायूवरची वीज’ एवढे म्हणून भागत नाही. संयंत्र कोणते, आणि ते पूर्ण भाराने चालते की दिवसातून दोनदा बंद-सुरू होते, यावर दीडपटीचा फरक पडतो.

आता गळती. ५५ टक्क्यांच्या संयंत्राला एका युनिटमागे साधारण १३६ ग्रॅम वायू लागतो. विहिरीपासून संयंत्रापर्यंत त्यातला ३ टक्के गळतो असे धरू. हा ३ टक्के केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, प्रत्यक्ष गळती क्षेत्रागणिक वेगळी असते. तर सुमारे ४.२ ग्रॅम मिथेन न जळताच हवेत गेला. शंभर वर्षांत किती तापवतो या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, म्हणजे ११८ ग्रॅमची भर: ३६७ चे ४८५. वीस वर्षांचे माप लावले तर जीवाश्म मिथेन ८० पटीहून थोडा जास्त, भर साधारण ३५० ग्रॅमची, आणि एकूण ७०० च्या पुढे. चांगल्या कोळसा संचाच्या ८११ पासून हे फार दूर नाही. कोळशाच्या खाणीतूनही मिथेन सुटतो, तो कोळशाच्या बाजूला धरायलाच हवा. पण हिशेब फक्त कार्बन डायऑक्साइडचा केला तर दोन्हीकडची ही गळती दिसतच नाही, आणि कोळशाकडून वायूकडे वळल्याचा फायदा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

सौर, पवन, जल, अणू यांची जळणातली बेरीज शून्य. तरी पॅनेल, पोलाद, काँक्रीट, खाणकाम असा पूर्ण आयुष्याचा हिशेब केला की काही ग्रॅम निघतातच. आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातली मध्यम मूल्ये, एका युनिटमागे ग्रॅममध्ये: कोळसा ८२०, कम्बाइन्ड सायकल वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११. जलविद्युतचा आकडा सगळ्यांत चंचल. उष्ण प्रदेशात झाडोरा न काढता पाणी साठवलेला जलाशय मिथेन सोडत राहतो. मात्र एक पथ्य पाळा: वर काढलेले ३६७ आणि हे ४९० एका तक्त्यात मिसळू नका. पहिल्यात फक्त जळण आहे, दुसऱ्यात खाणीपासून राखेपर्यंत सगळे. राष्ट्रीय यादीत (देशाच्या उत्सर्जनाच्या अधिकृत हिशेबात) पॅनेल बनवण्याचे उत्सर्जन कारखान्याच्या ओळीत आधीच आलेले असते. ते पुन्हा सौरऊर्जेच्या रकान्यात टाकले की दुबार मोजणी झाली.

ग्रिडचा गुणांक काढताना संमिश्र सरासरी घेतात. ६० टक्के वीज ९७३ ग्रॅमच्या कोळशाची, १० टक्के ३६७ च्या वायूची, ३० टक्के जळणाविना असेल तर सरासरी ६२१ ग्रॅम. हे संयंत्राच्या दाराशी. तारांमध्ये १० टक्के वीज वाया जात असेल तर ग्राहकाच्या मीटरवर तेच ६९० होते. हिशेब मीटरच्या युनिटवर असताना दाराशीचा गुणांक वापरणे, ही चूक व्यावसायिक अहवालांतही आढळते. आणि ‘आणखी एक पंप चालवला तर किती’ असा प्रश्न असेल तर सरासरी उपयोगाची नाही. त्या तासाला वाढीव मागणीसाठी कोणता संच वर येतो, त्याचा गुणांक घ्यावा लागतो. दुपारी सूर्य वाया जात असेल तर तो शून्याजवळ, रात्री कोळशाचा संच वर येत असेल तर ९७३.

क्षेत्राचा आकडा: वीज कोणाच्या नावावर टाकायची

आता २४ आणि ३४ चे कोडे. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे ५९ अब्ज टन होते. जिथून वायू प्रत्यक्ष सुटतो तिथे नोंद केली, तर ऊर्जापुरवठा ३४ टक्के, उद्योग २४, शेती-वने-जमीनवापर २२, वाहतूक १५, इमारती ६. वीज आणि उष्णता वापरणाऱ्याच्या नावावर टाकली, तर उद्योग ३४, इमारती १६, आणि ऊर्जापुरवठ्याकडे उरतात १२: रिफायनरी, खाणी, वायूची गळती वगैरे. वाहतूक आणि शेतीचे आकडे जवळजवळ हलत नाहीत, कारण ती क्षेत्रे वीज फारशी वापरत नाहीत. इमारती मात्र ६ वरून १६ वर जातात. घरे आणि कार्यालये प्रत्यक्ष धूर थोडाच सोडतात, त्यांचा धूर दूरच्या वीजकेंद्रातून निघतो.

कोणती मांडणी घ्यायची हे प्रश्नावर ठरते. कोणते संयंत्र बंद करायचे किंवा बदलायचे हे पाहायचे तर पहिली. मागणी कुठे कमी करता येईल हे पाहायचे तर दुसरी. दोन्ही एकत्र बेरजेत घेतल्या की वीज दोनदा मोजली जाते, आणि ही चूक इतकी सर्रास होते की कोणताही क्षेत्रनिहाय आलेख पाहताना आधी ‘वीज कुठे आहे’ ते शोधावे.

उद्योगात थोडे खोल जायला हवे, कारण इंधन × क्षेत्र ही मांडणी तिथेच तोकडी पडते. सिमेंटचे क्लिंकर (भट्टीत भाजलेले खडे, जे दळून सिमेंट होते) घ्या. चुनखडी तापवली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो: १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना, ४४ किलो वायू. क्लिंकरमध्ये साधारण ६५ टक्के चुना असतो, म्हणून टनामागे ०.५१ टन कार्बन डायऑक्साइड दगडातूनच येतो. इंधनाचा यात काही संबंध नाही. भट्टीला टनामागे सुमारे ३.४ गिगाजूल उष्णता लागते. ती कोळशाने दिली तर ०.३२ टन, वायूने दिली तर ०.१९. म्हणजे कोळसा पूर्ण काढून वायू आणला तरी एकूण ०.८३ चे ०.७० होते, सोळा टक्के घट. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी ०.५१ तसेच राहते. याउलट सिमेंटमधले क्लिंकरचे प्रमाण ९५ टक्क्यांवरून ६५ वर आणून बाकी फ्लाय ॲश (वीजकेंद्राची राख) किंवा झोतभट्टीची (ब्लास्ट फर्नेस) मळी (स्लॅग) घातली, तर भट्टीतले इंधन न बदलताच टन सिमेंटमागे ०.७९ चे ०.५४ होते. इथे इंधनापेक्षा मिश्रणाला जास्त वजन आहे, आणि हे कोणत्याही ऊर्जेच्या आकडेवारीत दिसत नाही.

ॲल्युमिनियमचे उलटे. वितळवण्याच्या कुंड्यांना टनामागे साधारण १४,००० युनिट लागतात. कोळशाच्या विजेवर ते १३.६ टन, जलविद्युतवर पूर्ण आयुष्याच्या हिशेबानेसुद्धा ०.३४ टन. त्यात कार्बनच्या ॲनोडमधून (कुंडीत झिजत जाणारा विद्युतध्रुव) येणारे सुमारे १.६ टन दोन्हीकडे मिळवायचे. तोच धातू, तेच क्षेत्र, पण १५ टन आणि २ टन एवढे अंतर. एकाच क्षेत्रासाठी सगळ्या देशांना एकच सहगुणक लावण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही. पोलादात झोतभट्टीला कोळसा उष्णतेसाठी लागतोच, पण लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायलाही लागतो. म्हणून टनामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवणाऱ्या विद्युत चाप भट्टीत हे ओझे बरेच उतरते, आणि उरलेले मुख्यतः वीज कुठून आली यावर ठरते.

शेतीकडे ऊर्जेच्या चष्म्यातून पाहणारे तिला जवळजवळ निरुपद्रवी ठरवतात. १०० किलो नत्र युरियातून दिले असे धरा, म्हणजे २१७ किलो युरिया. मूलभूत गुणांकानुसार त्यातला १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो: १.५७ किलो वायू. तो कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट, म्हणजे ४१६ किलो. युरियातला स्वतःचा कार्बन जमिनीत सुटतो, ते आणखी १५९ किलो. यात ट्रॅक्टरचे डिझेल नाही, ते यादीच्या नियमाप्रमाणे ऊर्जेत जाते. अमोनिया बनवण्याचे उत्सर्जनही नाही, ते उद्योगात. तिथे एक बारीक नियम आहे. युरिया बनवताना अमोनिया संयंत्रातलाच कार्बन डायऑक्साइड वापरलेला असतो, म्हणून तो उद्योगाच्या ओळीतून वजा करायचा, कारण शेतात तो पुन्हा मोजला जाणार. वजाबाकी विसरली की तोच वायू दोनदा. भातखाचरे आणि रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन हा तर इंधनाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. तेव्हा रिग्रेशनमधला अवलंबी चल (ज्याच्यावरचा परिणाम मोजायचा तो आकडा) ‘फक्त कार्बन डायऑक्साइड’ असेल तर शेतीचा परिणाम शून्याजवळ येणारच. तो शेतीचा गुण नव्हे, मापाची निवड आहे.

तक्ता मांडताना

देशाचा वार्षिक ऊर्जा ताळेबंद हातात घ्या. वर पुरवठा, मध्ये रूपांतरण, खाली अंतिम वापर अशी त्याची रचना असते. काम या क्रमाने करावे:

१. सगळी इंधने निव्वळ उष्मांक मूल्यावर टेराजूलमध्ये आणा.

२. रूपांतरणाच्या भागातून फक्त प्रत्यक्ष जळलेले घ्या. रिफायनरीत गेलेले कच्चे तेल जळलेले नसते, त्याचे डिझेल झाले आणि ते पुढे वाहतुकीच्या ओळीत येईल. कोळशाचे कोक झाले तर कोक जिथे जळला तिथे मोजा. झोतभट्टीतून निघणारा वायू पुढे वीज बनवायला जातो, तो कोणत्या ओळीत धरायचा हे एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा.

३. कारखान्यांचे स्वतःचे वीजसंच वेगळे काढा. आयपीसीसीच्या पद्धतीत ते त्या त्या उद्योगात जातात, पण काही ताळेबंदांत ते वीजनिर्मितीत मिसळलेले असतात.

४. न जळता वस्तूत राहिलेला कार्बन वगळा: प्लॅस्टिकमध्ये गेलेला नॅफ्था (कच्च्या तेलातून निघणारा द्रव), रस्त्यावर पडलेले डांबर.

५. आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमानांना भरलेले इंधन राष्ट्रीय बेरजेत घेऊ नका, खाली वेगळे नोंदवा.

६. लाकूड, शेतकचरा यांचा कार्बन डायऑक्साइडही वेगळा नोंदवा. गिगाजूलमागे लाकडाचा गुणांक ११२, कोळशापेक्षा जास्त. तो ऊर्जेत शून्य धरतात याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नाही. झाड तुटले तेव्हाच जमीनवापराच्या ओळीत कार्बनसाठा घटल्याची नोंद होते, असे गृहीत धरलेले असते. ती नोंद कच्ची असेल तर हे उत्सर्जन दोन्ही ओळींच्या फटीतून निसटते. जळणातून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र ऊर्जेतच मोजायचा.

मग पडताळा. उत्पादन + आयात − निर्यात − आंतरराष्ट्रीय बंकर (जहाजे-विमानांचे वर सांगितलेले इंधन) − साठ्यातली वाढ, या वरून काढलेल्या वापरावरून एकूण उत्सर्जन काढा आणि ओळींच्या बेरजेशी ताडून पाहा. फरक साधारण ५ टक्क्यांच्या आत असावा. जास्त असेल तर बहुधा कोळशाचे उष्मांक मूल्य, साठ्यातला बदल किंवा न जळलेला नॅफ्था यांपैकी एकाने घोळ घातलेला असतो, आणि शोधाला त्याच क्रमाने लागावे.

आता रिग्रेशन

कोळशाचा सहगुणक भक्कम का आला? उत्सर्जनाचा आकडा कोळशाच्या वापरावरूनच काढलेला आहे म्हणून. उजवीकडे कोळसा, तेल, वायू ठेवले आणि डावीकडे त्यांच्यावरूनच हिशेबाने काढलेले उत्सर्जन, तर समीकरण तुम्हाला आयपीसीसीचे गुणांक परत देते, थोड्या खडबडीत रूपात. आर-वर्ग (समीकरण आकड्यांशी किती जुळते याचे ० ते १ मधले माप) ०.९९ आला तर तो शोध नव्हे, बेरीज बरोबर आल्याची पावती.

अक्षय ऊर्जेचा परिणाम दिसत नाही त्याचेही मूळ इथेच. पवनचक्की उत्सर्जन कमी करते ते कोळसा किंवा वायू कमी जाळायला लावून. समीकरणात कोळसा आणि वायू ‘स्थिर’ धरले की पवनचक्कीला काम करायला वाटच उरत नाही. दुसरे कारण आकडेवारीतले: बऱ्याच आकडेवाऱ्यांत ‘अक्षय’मध्ये चुलीतले लाकूडही मोजलेले असते. त्यामुळे गरीब देशांचा अक्षय वाटा मोठा दिसतो, आणि उत्पन्न वाढून लोक लाकडाकडून एलपीजीकडे गेले की तो घसरतो. सौर-पवन आणि लाकूड हे वेगळे रकाने करायलाच हवेत. तिसरे कारण एककाचे. पवनऊर्जेचे १ अब्ज युनिट काही संस्था ३.६ पेटाजूल म्हणून नोंदवतात. काही ‘तेवढी वीज बनवायला किती इंधन लागले असते’ असे पाहतात, ३५ टक्के कार्यक्षमतेने १०.३ पेटाजूल. दोन स्रोतांतली वर्षे जोडून मालिका केली की मध्येच उडी दिसते, आणि ती संगणक खरी समजतो.

सेवाक्षेत्र. शेती, उद्योग, सेवा यांचे वाटे मिळून १०० होतात. तिन्ही एकत्र घालता येत नाहीत, एक वगळावा लागतो, आणि मग उरलेल्यांचा सहगुणक ‘वगळलेल्याच्या तुलनेत’ असा वाचायचा असतो. शेती वगळली असेल तर सेवेचा धन सहगुणक एवढेच सांगतो की शेतीप्रधान अर्थव्यवस्थेपेक्षा सेवाप्रधान अर्थव्यवस्था जास्त इंधन जाळते. ते उत्पन्नाचे प्रतिबिंब आहे, हॉटेल-बँकांचा दोष नव्हे. शिवाय जीडीपी, ऊर्जा, उत्सर्जन या सगळ्याच मालिका वर्षानुवर्षे वर चढत जातात. अशा दोन मालिका एकमेकींशी संबंध नसतानाही घट्ट जुळलेल्या दिसतात, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले आहे. वार्षिक बदल घ्या, देशागणिक स्थिर परिणाम (प्रत्येक देशाचे न बदलणारे वेगळेपण) वेगळे काढा, आणि कार्यकारणाचा प्रश्न असेल तर इंधनांचे आकडे उजव्या बाजूला ठेवूच नका.

या प्रश्नाला माझ्या मते रिग्रेशनपेक्षा विघटन (बदल कोणत्या घटकाने किती झाला ते फोडून दाखवणे) जास्त शोभते. योइची काया यांचे समीकरण त्याचा पाया: उत्सर्जन = लोकसंख्या × दरडोई उत्पन्न × उत्पन्नामागे ऊर्जा × ऊर्जेमागे कार्बन. क्षेत्रांसाठी हेच आणखी फोडता येते. एक छोटे, रचलेले उदाहरण करून पाहू. पहिल्या वर्षी उत्पादन १००: उद्योग ५०, सेवा ५०. एका एककामागे उत्सर्जन उद्योगात १, सेवेत ०.२. एकूण ६०. शेवटच्या वर्षी उत्पादन १२०: उद्योग ४८, सेवा ७२. उद्योगाची तीव्रता (एककामागचे हेच उत्सर्जन) ०.९ झाली, सेवेची तशीच. उत्सर्जन ४३.२ + १४.४ = ५७.६. घट २.४.

ही घट कशाने? प्रत्येक क्षेत्राचे लॉगरिदमिक सरासरी वजन काढा: (नवे − जुने) भागिले नव्या-जुन्याच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. उद्योगाचे ४६.५, सेवेचे १२.१ येते. या वजनाने प्रत्येक घटकाच्या गुणोत्तराचा लॉग गुणा. उत्पादनवाढीने +१०.७, वाटा उद्योगाकडून सेवेकडे सरकल्याने −८.२, उद्योगाची तीव्रता घटल्याने −४.९. बेरीज बरोबर −२.४, शिल्लक काही उरत नाही. साधे ‘बाकी सारे स्थिर ठेवून’ मोजले तर शिल्लक उरते आणि ती कोणाच्या खात्यात घालायची यावर वाद होतो, म्हणून ही पद्धत. कोणत्याही वर्षी एखाद्या इंधनाचा आकडा शून्य असेल तर लॉग निघत नाही. तिथे अगदी सूक्ष्म धन संख्या ठेवतात.

यातल्या −८.२ कडे पुन्हा पाहा. वाटा सेवेकडे सरकला म्हणजे पोलाद वापरणे थांबले असे नाही. ते आता आयात होत असेल. मग जगाचे उत्सर्जन तेवढेच राहते, फक्त ओळ दुसऱ्या देशाच्या तक्त्यात गेली. हे तपासायला उपभोगाधारित हिशेब लागतो: देशातले उत्सर्जन, वजा निर्यातीत गेलेले, अधिक आयातीत आलेले. त्यासाठी अनेक देशांचे आदान-प्रदान तक्ते (कोणत्या क्षेत्राने कोणाकडून किती घेतले ते दाखवणारे) जोडावे लागतात आणि त्यांत क्षेत्रे बरीच ढोबळ असतात. वर ॲल्युमिनियमचे १५ आणि २ टन पाहिले. आयात केलेल्या धातूला सरासरी गुणांक लावला तर चूक किती मोठी होऊ शकते, याचा अंदाज त्यावरून करावा.

विजेकडे वळणाऱ्या क्षेत्रांत ओळीच सरकतात, हेही लक्षात असू द्या. पेट्रोलच्या एका लिटरमागे जळणातून सुमारे २.२७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी म्हणजे किलोमीटरमागे १५१ ग्रॅम. विजेची गाडी मीटरवर ०.१६ युनिट घेत असेल तर वरच्या ६९० च्या ग्रिडवर ११० ग्रॅम, आणि तारांतली तीच घट धरून निव्वळ कोळशाच्या ग्रिडवर १७३. वाहतुकीच्या ओळीत दोन्ही वेळा शून्य दिसेल. ग्रिड मीटरवर साधारण ९४० ग्रॅमच्या खाली असेल तर एकूण घटते, वर असेल तर वाढते. पेट्रोलची रिफायनरी आणि कोळशाची खाण दोन्हीकडे धरली तर ही सीमारेषा थोडी हलते.

शेवटी आकडा किती नेमका लिहायचा. आयपीसीसीने सहाव्या अहवालात अनिश्चितता अशी धरली आहे: जीवाश्म इंधन आणि उद्योगांचा कार्बन डायऑक्साइड ±८ टक्के, मिथेन ±३०, नायट्रस ऑक्साइड ±६०, जमीनवापराचा कार्बन डायऑक्साइड ±७०. म्हणून वीजनिर्मितीचा वाटा एका दशांश स्थळापर्यंत लिहायला फारशी हरकत नाही. शेती आणि जमीनवापराचा आकडा पूर्णांकात, मर्यादेसकट लिहावा. आणि देशांचा क्रम लावताना जमीनवापर धरलेली व न धरलेली अशा दोन याद्या द्याव्यात. जंगलतोड मोठी असलेल्या देशांचा क्रम या दोन याद्यांत कित्येक पायऱ्यांनी बदलतो.